शेवटचा हिरवा डायोड

भावोजींनी चौथा डायोड मारला तेव्हा मी साक्षीला होतो. मारला हा शब्द माझा. भावोजी "दिवा झाला" म्हणतात, आणि त्याला कारण आहे. लेझर डायोड जळला तरी अगदीच विझत नाही. थोडासा हिरवट उजेड देत राहतो, पण त्याच्यातली धार गेलेली असते. निवृत्तीनंतरच्या पहिल्या आठवड्यात माणूस दिसतो, साधारण तसं काहीतरी.

भावोजींनी नारिंगी चष्मा कपाळावर चढवला, डायोड चिमट्यात धरून उजेडाकडे बघितलं आणि म्हणाले, "हाही दिवा झाला." मग त्यांनी त्याला एका काडेपेटीत, आधीच्या तिघांच्या शेजारी ठेवलं आणि पेटीवर तारीख घातली. चारही तारखा याच महिन्यातल्या होत्या.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये टेक्निशियन होते. त्यांच्या कामाच्या खोलीत एक प्रशस्तिपत्रक फ्रेम करून लावलेलं आहे. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही लाइन एक मिनिटभरसुद्धा बंद पडली नाही, असं त्यात खात्याने लिहून दिलंय. खात्याने याशिवाय त्यांना एक घड्याळ दिलं होतं. ते बंद पडलं.

ही कामाची खोली घराच्या मागच्या अंगाला आहे. आठ बाय दहा, खिडकी नाही, दारावर पडदा. आत एक लांब फळी, फळीवर सोल्डरिंग आयर्न, व्होल्ट मोजायचे दोन मीटर, वायरींची भेंडोळी आणि कशाकशातून काढलेल्या कशाकशाचे डबे. पुढचं सगळं घर ताईचं. ताई शिवणाचा क्लास चालवते. बाहेरच्या हॉलमध्ये पाच मशीन्स आहेत, मधोमध दोन मीटरचं कापायचं टेबल आहे, आणि उरलेल्या जागेत संसार आहे. मी गेलो की मला बसायला मशीनचं स्टूल मिळतं आणि चहा टेबलाच्या कडेला, कापडापासून लांब.

प्रकरण सुरू झालं खडूवरून. ताई एकदा कापताना म्हणाली, "काळ्या कापडावर पांढरी रेघ, पांढऱ्यावर निळी, आणि दोन्ही धुतल्याशिवाय जात नाहीत. कटकट आहे नुसती." तिने ही तक्रार केली होती. भावोजींनी ती ऑर्डर म्हणून घेतली. संध्याकाळपर्यंत त्यांचं ठरलं होतं. टेबलावर उजेडाची सरळ हिरवी रेघ पाडायची. पुसायला नको, धुवायला नको, रेघेवरून कात्री चालवायची.

"असलं यंत्र दुकानात तयार मिळतं म्हणे," मी म्हणालो.

"मिळतं."

"चालत नाही का?"

"उत्तम चालतं."

"मग?"

भावोजींनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "मेहुणे, चालत असेल तर त्यात करायचं काय?"

तर ते घरीच करायचं ठरलं. भंगारवाल्याकडे पाच मोडके छोटे प्रोजेक्टर होते. प्रत्येकाच्या पोटात एकेक हिरवा डायोड. भावोजींनी पाचही काढून आणले. तसले आणखी नव्हते. भंगारवाल्याने शपथेवर सांगितलं आणि एवढ्या एका बाबतीत तो खरं बोलत होता.

आता या डायोडची गोष्ट अशी आहे की त्याला सहा व्होल्ट लागतात. भावोजींना तो चालवायचा होता एका सेलवर, आणि एक सेल चाराच्या आतच असतो. म्हणून मध्ये एक सर्किट लागतं. त्याला बूस्ट ड्रायव्हर म्हणतात. कमी व्होल्ट घ्यायचे, वाढवून द्यायचे, आणि करंट मात्र ठरल्यापेक्षा कणभर जास्त जाऊ द्यायचा नाही. हे सर्किट हाताने करण्यात भावोजींचे दोन महिने गेले.

"दोन सेल लावले तर?" ताईने एकदा भाजी चिरता चिरता विचारलं.

भावोजी दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

सर्किट मात्र झालं, आणि चांगलं झालं. ते तपासायची भावोजींची पद्धत नेटकी होती. खरा डायोड लगेच लावायचा नाही. त्याच्या जागी आठ साधे, फुटकळ डायोड एकापुढे एक जोडलेली माळ लावायची. ती सर्किटला सहा व्होल्टचा डायोड असल्यासारखीच वाटते. या माळेला भावोजी "जावई" म्हणत. जावयाच्या शेवटी एक ओहमचा रेझिस्टर, आणि त्याच्यावर मीटर. मीटर जेवढे मिलिव्होल्ट दाखवेल तेवढेच मिलिअँपिअर वाहतात. गुणाकार नाही, भागाकार नाही. एक ओहम हा माझ्यासारख्यांसाठीच काढलेला असावा.

जावई जोडला की मीटर एकशे दहा दाखवायचा. पाच मिनिटांनी एकशे दहा. चहा पिऊन आलं तरी एकशे दहा. मग भावोजी जावई काढून खरा डायोड लावायचे, आणि तो दिवा व्हायचा.

इकडे ताईच्या क्लासला सहावी बाई आली, स्वतःचं मशीन घेऊन. मशीन दारातच राहिलं, कारण आत जागा नव्हती. चप्पल काढायची तर मशीनला वळसा घालावा लागे. आठवडाभर ताईने वळसा घातला आणि मग मागच्या खोलीचा पडदा बाजूला केला.

"अहो, किती राहिले?"

"काय?"

"ते हिरवे."

"दोन," भावोजी म्हणाले. तेव्हा दोन होते.

"मग ठरवून टाकू. येत्या रविवारी चार वाजता. दोन मीटर कापडावर रेघ, दहा मिनिटं, एका सुतानेही हलता कामा नये. रेघ दिसली तर ही खोली कायमची तुमची, मी पुन्हा तोंडातून काढणार नाही. नाही दिसली तर सोमवारी माझं कापायचं टेबल इथे आणि तुमचं दुकान जिन्याखाली."

"जिन्याखाली ओल आहे."

"मग रेघ पाडा."

पंच म्हणून मला नेमण्यात आलं. दोघांचाही माझ्यावर सारखाच अविश्वास होता, म्हणून. मी अटी कागदावर लिहिल्या, वाचून दाखवल्या आणि दोघांच्या सह्या घेतल्या. भावोजींनी सही करताना खिडकी नसलेल्या त्या खोलीकडे असं बघितलं की मला पंचाने बघू नये तसं दुसरीकडे बघावं लागलं. चौतीस वर्षं एक्स्चेंजमध्ये आणि नंतर सहा वर्षं या फळीपाशी. पुढच्या घरात ते जेवायला आणि झोपायला येत, एवढंच.

बुधवारी चौथा दिवा झाला, तो मी सुरुवातीलाच सांगितला. आता डायोड एक आणि रविवार एक.

ताई चहा घेऊन आली होती. तिने काडेपेटीवरची ताजी तारीख वाचली आणि कप खाली ठेवला.

"चालू असतानाच वायर काढली ना?"

"बंद केलं होतं."

"नव्हतं केलंत."

"अगं, केलं होतं. मेहुणे, तुम्ही सांगा."

"मी कपाकडे बघत होतो," मी म्हणालो. पंचाने सावध राहावं.

इथे थोडं सांगायला हवं. करंट सतत सारखा ठेवणं हा त्या सर्किटचा स्वभाव. समोरचा जावई काढून घेतला की करंट थांबतो. सर्किटला वाटतं, आपलाच जोर कमी पडतोय. म्हणून ते व्होल्ट वाढवतं. तरी करंट जात नाही, म्हणून आणखी वाढवतं. बघता बघता तीस व्होल्ट होतात आणि शेवटच्या कपॅसिटरमध्ये भरून बसतात. मग तिथे सहा व्होल्टचा गरीब डायोड आणून टेकवला की तीसच्या तीस एकदम त्याच्या अंगावर येतात. म्हणून नियम असा की आधी बंद करा, कपॅसिटर रिकामा करा, मग जोडा. हा नियम भावोजींना माहीत नव्हता असं मुळीच नाही. त्यांनीच तो सुरेख अक्षरात लिहून फळीच्या वर चिकटवला होता.

"पुन्हा करून दाखवा," ताई म्हणाली. "त्या जावयाला लावा नि काढा. मी बघते."

भावोजींनी जावई लावला. बटण दाबलं. मीटरवर एकशे दहा आलं. "हे बघ," ते वर्गात शिकवावं तसं म्हणाले, "आता आधी बंद करतो." आणि त्यांनी जावयाची वायर उपसून काढली.

बटण चालूच होतं. त्याच्यावरचा बारीक लाल दिवा आम्हा तिघांकडे बघत होता.

ताईने मीटरच्या दोन्ही पिना उचलून रिकाम्या टोकांना लावल्या. क्लासमध्ये मशीनची मोटर तपासायला ती शिकली आहे. एकतीस व्होल्ट.

"मी 'बंद करतो' म्हणालो," भावोजी म्हणाले.

"म्हणालात."

"मग?"

"हाताला ऐकू आलं नाही."

भावोजी स्टुलावर बसले. हाताचाही तसा दोष नव्हता. एक्स्चेंजमध्ये वीज बंद करणं हा गुन्हा होता. लाइनवर कोणीतरी बोलत असे, कुणाचं लग्न ठरत असे, कुणाचं मोडत असे. वायर काढायची, बदलायची, डाग द्यायचा, सगळं चालू लाइनवर. बंद करणाऱ्याला मेमो मिळे. चौतीस वर्षांत भावोजींना मेमो मिळाला नव्हता, आणि त्याचं प्रशस्तिपत्रक समोर फ्रेममध्ये होतं.

"उद्या लक्षात ठेवीन," ते म्हणाले.

"ते मागच्या बुधवारीही म्हणाला होतात." ताईने कप उचलला. दारापाशी थांबली. "नव्या बायांना मी पहिल्या दिवशी काय शिकवते, माहीत आहे? कापड ओढायच्या आधी पाय उचलायचा. नाहीतर सुई मोडते. सांगून कोणाला कळत नाही. चार सुया मोडल्या की पायाला कळतं."

"माझे चार झाले."

"तुमचं ते बटण हाताशी आहे. पायाशी पाहिजे."

गुरुवारी सकाळी तिने जुन्या मशीनचं पायडल धुवून, पुसून त्यांच्या फळीवर ठेवलं. शनिवारपर्यंत पायडलमध्ये दोन जोड बसले होते. पाय खाली असला की सर्किट चालू. पाय उचलला की सर्किट बंद, आणि त्याच झटक्यात कपॅसिटर एका रेझिस्टरमधून रिकामा. मी शनिवारी गेलो तेव्हा भावोजी स्टुलावर बसून पाय दाबत होते, उचलत होते. दाबला की एकशे दहा, उचलला की शून्य. त्यांच्या चेहऱ्यावर नव्याने सायकल शिकलेल्या माणसाचा भाव होता.

"खरा लावून बघितला?" मी विचारलं.

"उद्या."

"आज लावून खात्री करून घ्या की."

"एकच आहे, मेहुणे," ते म्हणाले. "तो जगणार असेल तर उद्याही जगेल. आज मेला तर आजची रात्र फुकट जाईल."

रविवारी मी पावणेचारला पोचलो. हॉलमधली मशीन्स भिंतीला सरकवली होती. टेबलावर पांढरं कापड ताणून, चारी कोपऱ्यांना टाचण्या मारून ठेवलं होतं. टेबलाच्या एका टोकाला पट्ट्यांचा स्टँड स्क्रूने आवळलेला, त्यावर डायोडची पितळी नळी, नळीच्या तोंडाशी काचेची कांडी. या कांडीमुळे ठिपक्याची रेघ होते. शेजारी एका लाकडी तुकड्यावर सर्किट, आणि तिथून एक वायर टेबलाखाली पायडलपर्यंत.

नारिंगी चष्मे दोनच होते. एक भावोजींनी घातला, एक ताईला दिला. मला सांगण्यात आलं की नळीकडे तोंड करायचं नाही, पाठ करून कापडाकडे बघायचं. पंचाला असं पाठमोरं उभं केलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

एक अडचण निघाली. भावोजींना नळी आणि कांडी जुळवायला दोन्ही हात लागत, आणि त्यासाठी उभं राहावं लागे. पायडलवर पाय कोणी ठेवायचा?

"मेहुणे ठेवतील."

"पंच खेळत नाही," मी म्हणालो.

ताईने स्टूल ओढलं आणि बसली. चाळीस वर्षं तिचा पाय पायडलवर आहे. भावोजींनी एकवार तिच्याकडे बघितलं. ज्या बाईला रेघ दिसली नाही तर खोली मिळणार होती, तिच्या पायाखाली त्यांचा शेवटचा डायोड होता. दुसरा इलाज नव्हता.

"दाब," ते म्हणाले.

ताईने दाबलं. मी कापडाकडे बघत राहिलो.

"काय?" भावोजींनी विचारलं.

"कापड दिसतंय," मी म्हणालो.

हॉलला पश्चिमेकडे दोन मोठ्या खिडक्या आहेत. चारच्या सुमाराला सगळं ऊन टेबलावर येतं. पांढऱ्या कापडावर इतका लख्ख उजेड होता की त्यात हिरवी रेघ असली तरी ती स्वतःलाच दिसली नसती. मी खिडक्या लावल्या. पडदे ओढले. नीट रोखून पाहिलं तर कापडाच्या मधोमध काहीतरी हिरवट असल्याचा संशय येत होता.

"संशय चालेल का?" भावोजींनी विचारलं.

मी कागद काढून वाचला. "'दिसली' असं लिहिलंय."

"जागा लिहिली आहे का? रेघ कुठे पाडायची ते?"

मी परत वाचलं. जागा लिहिलेली नव्हती. ती चूक पंचाची होती, पण सह्या झालेल्या होत्या.

"मग आत चला," भावोजी म्हणाले. "माझ्या खोलीत. तिथे अंधार आहे. टेबल आत नेऊ, चाराला दहा मिनिटं अजून आहेत." आणि घाईघाईने त्यांनी हात पुढे केला आणि नळीची वायर सर्किटमधून उपसून काढली.

या वेळी ते तोंडाने 'बंद करतो' असंही म्हणाले नव्हते. ते बंद करायला विसरले होते. पायडल त्यांच्या पायाखाली नव्हतंच, त्यामुळे पाय उचलायचाही प्रश्न नव्हता. वायर त्यांच्या हातात लोंबत होती. ही वायर आता परत जोडली की काय होतं ते त्यांना माहीत होतं. काडेपेटीत चार जण होते.

मी टेबलाखाली बघितलं. ताईचा पाय वर होता. पायडलपासून चार बोटं. भावोजींनी हात पुढे केला त्याच्या आधीच तो उचललेला असणार.

भावोजींनी मीटर लावला. शून्य. पुन्हा लावला. शून्य.

"चला ना," ताई म्हणाली. "पाच मिनिटं गेली."

मी पंच होतो, म्हणून फक्त टेबलाचं एक टोक धरलं.

टेबल आत नेणं हे वेगळंच प्रकरण झालं. नळीचा स्टँड उतरवला, दाराचा पडदा काढला, दांडी काढली, टेबल आडवं केलं, मग उभं केलं, मग मी दाराच्या चौकटीत आणि टेबलात अडकलो आणि भावोजींनी मला मागे ओढून सोडवलं. फळीवरचे डबे खाली आले. शेवटी ते आत गेलं. कसं गेलं ते आम्हा तिघांपैकी कोणालाही नंतर सांगता आलं नाही. फळी आणि टेबल यांच्यात आता दीड फूट जागा होती.

ताईने कापड परत ताणलं, भावोजींनी स्टँड परत आवळला. भावोजींनी पाय वर आहे ना ते वाकून बघितलं आणि वायर जोडली.

"दाब."

रेघ पडली. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोऱ्याएवढी बारीक, हिरवीगार, जणू कापडातच विणलेली. भिंतीवर चढून ती प्रशस्तिपत्रकाच्या फ्रेमपर्यंत गेली होती. मी घड्याळ लावून बसलो. भावोजी श्वास घेत नव्हते. कांडीलाही घेऊ देत नसावेत. एक सूत सोडा, केसभरसुद्धा रेघ हलली नाही. दहाव्या मिनिटाला मी हात वर केला.

"झालं," मी म्हणालो. "दिसली. खोली भावोजींची."

ताई उठली, आपल्या जागी तिने भावोजींना स्टुलावर बसवलं आणि त्यांचा पाय पायडलवर ठेवून घेतला. मग मोठी कात्री घेतली आणि रेघेवरून चालवत नेली, न थांबता, दोन मीटर. कापड दोन्ही बाजूंना गळून पडलं. तिने कड बोटाने चाचपली.

"बरी आहे," ती म्हणाली. हा शब्द तिने आजवर दोनच वस्तूंना वापरलेला मी ऐकलाय. दुसरी म्हणजे तिची इस्त्री.

"खोली तुमची," ती पुढे म्हणाली. "मी पुन्हा तोंडातून काढणार नाही."

"नाही, तसं तुला अडीअडचणीला..." भावोजी उदार झाले होते.

"आता हे टेबल उगाच बाहेर नको न्यायला. रेघ काय ती इथेच दिसते."

भावोजींनी टेबलाकडे बघितलं, दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी कागदाकडे बघितलं. टेबलाबद्दल त्यात काहीही नव्हतं.

सोमवारी सहावं मशीन हॉलच्या मधोमध लागलं, जिथे टेबल होतं तिथे. दारात आता सरळ चप्पल काढता येते.

परवा मी गेलो होतो. स्टूल मिळालं नाही, कारण ते मागच्या खोलीत असतं, म्हणून उभ्यानेच आत डोकावलो. खोलीत टेबल होतं, टेबलाभोवती ताई होती, ताईमागे एक बाई कापड धरून उभी होती. दीड फुटात भावोजी बसले होते. पाठीला फळी, पोटाला टेबल, नारिंगी चष्मा, पाय पायडलवर. डायोड अजून तोच आहे. पाचवा. काडेपेटीवर नवी तारीख नाही.

"कसं काय भावोजी?"

"छान. खोली माझीच आहे," ते म्हणाले.

"अहो, सोडा," ताई कापड सरकवत म्हणाली.

भावोजींनी पाय उचलला.